दोन अंकांची चूक

माझ्या नजरेत दोन अंकांचा फरक पडलाय, असं आमची आकडेवारी सांभाळणाऱ्या धम्मानंदने मला गुरुवारी सकाळी पावणेअकराला सांगितलं. सांगताना त्याने आवाज इतका खाली आणला, की ऐकणाऱ्याला वाटावं या बाईच्या घरचं कोणी गेलं. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, पण एक जोडी जुळून नाही राहिली," तो म्हणाला आणि त्याने कागद माझ्याकडे सरकवला. जोडी म्हणजे एकच फोटो, दोनदा दाखवलेला. आमच्याकडे ही पद्धतच आहे. मी फोटोतल्या सुरकुत्यांना अंक देते. माझी नजर जागेवर आहे की नाही हे पाहायला त्यातले काही फोटो नंबर बदलून दोन-तीन आठवड्यांनी गुपचूप पुन्हा माझ्यापुढे टाकतात. पहिल्या खेपेला पाच दिले असतील तर दुसऱ्या खेपेलाही पाचच यायला हवेत, फार तर साडेचार. दोनशे सतरा जोड्यांत माझा फरक कधी अर्ध्याच्या वर गेला नव्हता. दोनशे अठराव्या जोडीत मी आधी पाच दिले होते आणि एकवीस दिवसांनी तीन. "कोणता फोटो?" मी विचारलं, आणि विचारताना मला उत्तर माहीत होतं. उजवा डोळा, चेहरा शांत, बाई, वय पन्नासच्या पुढे. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. लहानपणी मुठीत काहीतरी लपवून फिरताना कोणीतरी एकदाचं विचारतं, काय आहे गं त्यात, तेव्हा जसं आतून फुटून येतं, तसं काहीतरी झालं. एकवीस दिवस माझी मूठ बंद होती, आणि धम्मानंदसारख्या सरळ पोराने ती आकडेवारीच्या कागदावर पकडली होती.

आमची खोली नागपूरच्या धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीला काळं कापड, एकच दिवा, एकच पडदा. फोन दाराबाहेरच्या ट्रेमध्ये बंद करून ठेवायचा. पडद्यावर डोळ्याचा एक कोपरा येतो, भुवईच्या टोकापासून गालाच्या हाडापर्यंत. नाक नाही, तोंड नाही, कपाळावरची टिकली नाही. शून्य म्हणजे नव्या चादरीसारखी सपाट कातडी, आठ म्हणजे रात्रभर पिळून ठेवलेलं लुगडं. ही उपमा माझी, पुस्तकातली नाही. पुस्तकात नुसते नमुन्याचे फोटो आहेत. मी बारावी पास आहे, तीही दुसऱ्या प्रयत्नात. या कामाला लागायच्या आधी अकरा वर्षं मी गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात मागच्या खोलीत बसून थान तपासत होते. सुशील, माझा नवरा, पुढे गादीवर माल उलगडून दाखवायचा, मी मागे तो उजेडात धरून तुटका धागा, विरळ वीण, घडीवर बसलेला फिका पट्टा शोधायची. तो गेल्यावर दुकान सोडलं आणि इथे लागले, फॉर्मवरची नावं-पत्ते संगणकात टाकायला. एक दिवस डॉक्टर सुरुची दोन फोटो धरून कोणाशी तरी वाद घालत होत्या, दोन्ही सारखेच आहेत म्हणून. मी चहाचा कप ठेवता ठेवता म्हटलं, नाही मॅडम, या दुसऱ्यात आडव्या धाग्याला ताण आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आडवा धागा म्हणजे काय हे मी त्यांना सांगितलं, आणि मग पुढची दोन वर्षं त्या मला कातडी म्हणजे काय हे सांगत राहिल्या. इंग्रजी मी त्या कागदांवरूनच शिकले, उलटं. आधी मोठे शब्द आले, मग छोटे.

आणि काय काय कळलं मला. मी रोज घरी जाऊन कोणाला सांगू असं व्हायचं, आणि सांगायला भिंतीवरचा सुशील. ऊन लागलं की कातडी घाबरते आणि वाढीचा एक निरोप सोडते. तो निरोप म्हणजे एक प्रथिन, आणि ते जाऊन बारीक रक्तवाहिन्यांच्या दारावरची कडी वाजवतं. कडी वाजली की वाहिन्यांना नवे फाटे फुटतात, ते फाटे कच्चे असतात, झिरपतात. पाठोपाठ सूज येते आणि त्या सुजेतली रसायनं कातडीचे ताणाचे धागे कुरतडायला बसतात. वर्षानुवर्षं. मग आरशात एक दिवस रेघ दिसते आणि आपण वयाला बोल लावतो. आमच्या अभ्यासातलं औषध हे दुसरंच एक प्रथिन. ते निरोपाला वाटेतच गाठतं. रांगत्या पोराला खऱ्या किल्ल्या मिळू नयेत म्हणून आपण जुना जुडगा त्याच्या हातात देतो ना, तसं ते निरोपाच्या हातात एक खोटी कडी देतं, आणि तो तीच धरून बसतो. दार वाजतच नाही. हे प्रथिन मोठं, मलम म्हणून चोळलं तर वरच बसून राहील, म्हणून त्याची पट्टी केलेली. पट्टीला दिसणारही नाहीत असे काटे. एका डोळ्याच्या कोपऱ्याला औषधाची पट्टी, दुसऱ्याला तशीच रिकामी. कोणती कुठे, हे त्या बाईला माहीत नाही, पट्टी लावणाऱ्या नर्सला नाही, मला तर नाहीच. पण तीनेक महिन्यांपासून मला एक वास यायला लागला होता. हे मी कोणाला बोलले नाही, बोलायचं नसतं. काही कोपरे मागे फिरत नव्हते, पण पुढेही जात नव्हते. वैशाखाचं नागपूर डोक्यावरून गेलं, बाकीचे कोपरे अर्ध्या-अर्ध्या अंकाने करपले, आणि हे मात्र होते तिथे थांबलेले, वाटेत ओळखीचं कोणी भेटल्यासारखे. पुढच्या महिन्यात कोड, म्हणजे कोणत्या कोपऱ्याला कोणती पट्टी होती ती यादी, उघडणार होते. त्या दिवशी त्या खोलीत खुर्ची टाकून बसायची परवानगी डॉक्टर सुरुचींनी मला दिली होती. मी त्यासाठी साडीसुद्धा काढून ठेवली होती. लोक लग्नाला काढतात, मी सुरकुत्यांना.

प्रत्येक बाईचे प्रत्येक खेपेला चार फोटो. दोन्ही कोपरे शांत, दोन्ही कोपरे हसताना. फोटो काढणारी मुलगी म्हणते, जितकं येईल तितकं हसा. बहुतेक बायका तोंडानेच हसतात. डोळ्याच्या कोपऱ्यात ते पोचतच नाही; गाल वर येतो, कातडी दबते, पण कोपरा आपला शांत, परीक्षेला बसल्यासारखा. मला हसण्यालाही अंक द्यावे लागतात, म्हणजे हसताना पडणाऱ्या घड्यांना, आणि इतक्या हजार कोपऱ्यांत मला कळलंय की खरं हसू कातडीला खालच्या पापणीच्या पोटातून धरतं. तर त्या दिवशी, म्हणजे पहिल्या खेपेचे ते पाच दिले त्याच दिवशी दुपारी, पडद्यावर एक डावा कोपरा आला आणि मला आधी हसू आलं, मग मी पाहिलं. हा कोपरा मनापासून हसत होता. एवढंच नाही, तो हसू आवरायचा प्रयत्न करत होता आणि जमत नव्हतं. पाच रेघा पंख्यासारख्या उघडल्या होत्या आणि त्यातली मधली रेघ सरळ जात नव्हती. ती गालाकडे निघाली, एका पांढुरक्या चंद्रकोरीपाशी आली, तिला वळसा घालून पुढे गेली. तांदळाच्या दाण्याएवढी चंद्रकोर. माझा हात माऊसवर होता तो तिथेच राहिला. मला ती चंद्रकोर ठाऊक होती, कारण ती मी केली होती.

आमच्या काटोलच्या बागेत जंभेरीचं एक झाड होतं, ज्यावर संत्र्याची कलमं बांधतात ते. त्याला काटे. मी सात वर्षांची, माझी मोठी बहीण गोपिकाताई अकराची. मी पुढे, ती मागे, मी फांदी हाताने ओढून वाट केली आणि सोडून दिली. ती सटकन जाऊन तिच्या डोळ्यापाशी लागली. रक्त आलं. आणि गोपिका हसायला लागली. रडायचं सोडून खो-खो हसायला लागली, एका हाताने डोळा दाबून, बोटांमधून रक्त गळतंय आणि ही हसतेय. मीच रडले. बाबा, रुपराव आमचे, धावत आले आणि कोणाला लागलंय हे कळायला त्यांना वेळ लागला. तिचं असंच होतं. घाबरली की हसायची, दुखलं की हसायची. दहावीचा निकाल नापास आला तेव्हा शाळेच्या पायरीवर बसून हसली, बाळंतपणात नर्सने तिला दटावलं होतं म्हणे. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर सगळ्यांत आधी माहीत होतं, डोळ्यापाशी रक्त असताना. म्हणून मी सात वर्षांपूर्वी जे केलं त्याला माझ्याकडे काही सबब नाही. सुशीलला खाली ठेवलं होतं. घर माणसांनी भरलेलं, कोणी बोलत नव्हतं, नुसती उदबत्ती जळत होती. फळीवर त्याचा फोन होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. सुशीलने त्या फोनला कोंबड्याची बांग लावली होती. दुकानात सगळे चिडायचे म्हणून मुद्दाम. तर त्या शांततेत तो कोंबडा आरवला, पूर्ण गळा काढून, एकदा नाही, चार वेळा. आणि भिंतीला टेकून बसलेली गोपिका हसली. पदर तोंडात कोंबला, तरी खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज येत होता तो हसण्याचा. माझी जाऊ तिच्याकडे पाहत होती. सासरची माणसं पाहत होती. मी उठून तिच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "तू जा इथून. हसणारी बाई मले माझ्या दारात नको." ती उठली. हसू थांबत नव्हतं, तसंच घेऊन चप्पल शोधत बाहेर गेली. दुपारच्या एस.टी.ने काटोलला परतली असेल, मांडीवर पिशवी घेऊन, कदाचित अर्धा रस्ता तशीच.

मग एक महिना गेला, आता ती फोन करेल म्हणून. मग एक वर्ष, आता मी कसा करू म्हणून. तिच्या लेकीच्या, मिनलच्या लग्नाची पत्रिका आली, आहेर मी कुरिअरने पाठवला, आणि तो पोचल्याची सही ज्या दिवशी आली त्या दिवशी मला कळलं की आपण किती हलकट आहोत. कोंबडा मात्र मी ठेवला. सुशीलचा फोन बंद पडला तेव्हा दुकानातल्या पोराकडून ती बांग माझ्या फोनमध्ये घेतली. घरात एकटी असले की वाजू देते. बाहेर फोन मुका असतो. जुनाट यंत्र आहे, बंद करून चालू केलं की आवाज आपला आपण पुन्हा पूर्ण होतो, म्हणून चालू केल्याबरोबर आधी त्याचं तोंड बंद करायचं ही माझी सवय. सात वर्षं हे असं. आणि मग त्या काळ्या कापडाच्या खोलीत, कोणीही न सांगता, तिचा डावा कोपरा माझ्यापुढे आला, तळहाताएवढा, आणि तो हसत होता. नियम मला तोंडपाठ आहे. चेहरा ओळखीचा निघाला तर त्याच दिवशी लिहून द्यायचं आणि अभ्यासातून बाहेर पडायचं. मी त्याला सहा दिले, बरोबर सहाच होते, आणि गप्प बसले. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. मी अर्धा तास आधी कामावर यायला लागले. फोटो काळाच्या क्रमाने येत नाहीत, सगळ्या बायकांचे सगळे महिने पिसून टाकलेले असतात, त्यामुळे पुढचा कोपरा कोणाचा हे कळायचं नाही. साठ-सत्तर परके कोपरे जायचे आणि मग एकदम ती. शांत, रंगावरून ऑक्टोबरमधली. परत शंभर परके. मग हसताना, जूनमधली, रापून काळी झालेली, चंद्रकोर तेवढी पांढरी. एकवीस दिवसांत मला ती पाच वेळा भेटली. मी तिला चष्मा लागलेला पाहिला, म्हणजे चष्म्याच्या काडीचा वळ कानशिलाच्या कडेला दिसला. एकदा पापणीखाली अंधार होता, आजारी होती की काय. मिनलला काही झालं असेल का. चंद्रकोर नसलेला तिचा उजवा कोपराही मला आता रेघांवरून ओळखू यायचा. आणि ज्या दिवशी तो उजवा, शांत कोपरा पुन्हा आला त्या दिवशी मी त्याच्याकडे एवढा वेळ पाहिलं की मला रेघा दिसेनाशा झाल्या. एकोणीस वर्षांची गोपिका दिसली, लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लावलेली, मला म्हणत असलेली, वंदे, माझ्या वाट्याची चिंच तू घेऊन टाक आता. मी तीन दिले. मी अगदी प्रामाणिकपणे तीन दिले. आजही शपथेवर सांगेन, मला तीनच दिसत होते.

"एवढा विचार नका करू," धम्मानंद म्हणाला. तो अजून समोरच उभा होता. या सगळ्याला बाहेरच्या घड्याळात दोन-तीन मिनिटंच लागली असतील. "फॉर्म आहे छोटासा. कारण लिहायचं. हे तीन चौकोन आहेत पाहा, थकवा, उजेड, अन् हे तिसरं. तुम्ही थकवा करून द्या, मॅडम. सर्वेच थकतात. एका जोडीनं काही होत नाही." मी विचारलं, "आणि तिसरं?" "तिसरं ओळखीचा चेहरा. ते तुम्हाला कायले पाहिजे? त्याच्यात मग तुमचे त्या बाईचे सगळे अंक रद्द, दुसऱ्याकडून करून घ्यावे लागतात, अन् तुम्ही या स्टडीच्या बाहेर." "म्हणजे कोड उघडतील तेव्हा..." "नाही ना मग. बाहेर म्हणजे बाहेर." तो हसला, मला हलकं करायला. "मग काय, मजा तुमची. गुरुवारी मागच्या लोखंडी जिन्यानं चढायची कटकट संपली. समोरून या, समोरून जा." आणि बारापर्यंत द्या म्हणून कागद ठेवून तो त्याच्या खोलीत गेला. मी तशीच बसले. गुरुवार. गुरुवारी पहिल्या मजल्यावर तपासणी असते. काटोलकडच्या, सावनेरकडच्या बायका सकाळच्या गाडीने येतात, पट्ट्या बदलतात, फोटो देतात, जेवतात, दुपारच्या गाडीने जातात. अंक देणाऱ्यांना त्यांचे चेहरे दिसू नयेत म्हणून आम्हाला गुरुवारी मागचा जिना आणि संध्याकाळपर्यंत खाली उतरायची बंदी. दोन वर्षं मी हा नियम पाळत होते, आणि एकवीस दिवस तिचा कोपरा उघडून बसत होते, आणि त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकदाही शेजारी बसल्या नव्हत्या. पडद्यावरचे फोटो म्हणजे दूर कुठेतरी घडलेलं, असंच मी धरून चालले होते. ते माझ्या पायाखाली घडत होतं. या फरशीच्या खाली. ती पाच गुरुवार तरी इथे येऊन गेली होती, मी वर डबा खात असताना खाली जेवली होती, आणि कुठल्यातरी गुरुवारी, माझ्या खुर्चीपासून दहा-बारा फुटांवर, कोणीतरी तिला म्हणालं होतं, जितकं येईल तितकं हसा, आणि ती हसली होती.

मी फॉर्म पुढे ओढला. पहिल्या चौकोनावर पेन नेलं. थकवा हा किती सोयीचा शब्द. माझ्या वयाच्या बाईला तर तो अंगावरच शिवलेला असतो. थकवा केला की पुढच्या महिन्यात ती खोली, ती खुर्ची, ते कोड, आणि माझा तीन महिन्यांचा वास खरा की खोटा हे सगळं माझं. शिवाय ती. अजून शेवटच्या खेपेचे फोटो यायचे होते, अजून चार वेळा ती मला भेटली असती, कातरलेली, बिननाकाची, मला काही न विचारणारी. हेच मला एकवीस दिवस आवडत होतं, नाही का, की ती काही विचारत नव्हती. मी तिला अंक देत होते आणि ती गप्प होती. आणि तिचे अंक माझ्या हातून बिघडत होते. एखाद्या थानात दोष दिसला आणि मी तो घडीत दाबून पुढे पाठवला, असं अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं. समजा तो उजवा कोपरा रिकाम्या पट्टीचा असेल. माझ्या दोन अंकांनी तो औषधाचा वाटेल. समजा उलट असेल. उद्या कुठल्यातरी शहाण्या डॉक्टरला वाटायचं, नागपूरच्या उन्हातही हे प्रथिन चमत्कार करतं, आणि त्या चमत्कारात थोडी चिंच असायची, थोडी हळद. मला एकदम हसू फुटलं. रिकाम्या खोलीत मी एकटी, घाबरलेली, हसत होते. माझंही तिच्यासारखंच आहे की काय, असं वाटून गेलं. कधी तपासून पाहायची वेळच आली नव्हती. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली. नातं या रकान्यात लिहिलं, सख्खी मोठी बहीण. ओळख पटल्याचा दिवस खरा लिहिला, म्हणजे ती आणखी एक चूक कबूल झाली. साडेअकरा झाले होते. कागद धम्मानंदच्या टेबलावर ठेवला, तो कोणाशी तरी फोनवर बोलत होता. ट्रेमधून माझा फोन उचलला, चालता चालता चालू केला, आणि समोरच्या जिन्याने उतरायला लागले. तेवीस पायऱ्या. मी धावत नव्हते, पण चालतही नव्हते.

खालच्या हॉलमध्ये पंधरा-वीस बायका होत्या आणि सगळ्यांना नाकं होती. हेच मला आधी जाणवलं, इतकी नाकं, इतकी तोंडं, कपाळं, कानातले खडे. दोन वर्षं ज्यांचे कोपरे पाहिले त्या सगळ्या पूर्ण होऊन बसल्या होत्या. मी कोपरे ओळखत गेले. ही साडेचारवाली. ही सात, डाव्या भुवईत पांढरा केस. आणि खिडकीपाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी पसरून तुरीच्या शेंगा सोलत बसलेली ती. दवाखान्यात येऊन शेंगा सोलणारी बाई आमच्याच घरची असणार. दाणे पदरात, टरफलं पिशवीत. चष्मा लागलेलाच होता. केस गेले होते अर्धे. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, नेमकी तशीच, जशी सात वर्षांपूर्वी राहिले होते, आणि ते लक्षात आल्यावर पटकन शेजारच्या खुर्चीवर बसले. तिने वर पाहिलं. ती हसली नाही. घाबरली की हसणारी माझी बहीण माझ्याकडे पाहत होती आणि तिचा चेहरा पूर्ण शांत होता. दोन्ही कोपरे शांत. मला त्याचा अंक लावता आला नाही.

"आली का वं," ती म्हणाली, जशी मी मघाशी पाणी आणायला गेले होते.

"तुले माहीत होतं, मी इथं असते?"

"मिनलनं सांगितलं होतं. म्हणे मावशी तिथं वर बसते, बायाइच्या सुरकुत्या मोजते. म्या म्हटलं, मंग आपल्याले का कमी हायेत? देऊन टाकलं नाव. भाडं भेटते, जेवन भेटते." ती पुन्हा शेंग सोलायला लागली. "सात खेपा झाल्या. तू काई दिसली नाई."

"आम्हाले खाली यायची मनाई राह्यते, ताई. गुरुवारी."

"मनाई? कोनं केली?"

"नियम आहे. तुमचे चेहरे पाहायचे नसतात आम्ही."

तिचा अंगठा शेंगेवर थांबला. "मले वाटलं, तूच केली असशीन," ती म्हणाली. साधंच म्हणाली, भाव विचारल्यासारखं. मी तिच्या पदरातला एक दाणा उचलून तोंडात टाकला, कारण हातांना काहीतरी करायचं होतं. गोड होता. तिने बाजूने माझ्याकडे पाहिलं. "अन् मंग? किती मार्क भेटले मले?"

"ते सांगता येत नाही."

"आठाइतून हाये ना? ते फोटोवाली पोरगी सांगे."

"ताई, खरंच नाही सांगता येत. आता तर मले कामातूनच काढलं. तू बहीण निघाली म्हणून."

"काहून? बहीण असनं गुन्हा हाये का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या पर्समधून कोंबडा आरवला. पूर्ण गळा काढून. आज त्याचं तोंड बंद करायचं राहून गेलं होतं. हॉलमधल्या सगळ्या बायका वळल्या, दाराशी बसलेली एक म्हातारी चक्क खुर्चीखाली पाहायला लागली, कोंबडा कुठे शिरला म्हणून. तो दुसऱ्यांदा आरवला. मी पर्समध्ये हात घालून चष्म्याची पेटी काढली, रुमाल काढला, किल्ल्या काढल्या, फोन काही हाती लागेना. गोपिकाने पदर गोळा करून तोंडात कोंबला होता. दाणे फरशीवर सांडून टणाटण चौफेर पळत होते. तिचे खांदे गदगदत होते, डोळे पाण्याने भरले होते, आणि ते डोळे माझ्यावर रोखलेले होते, भेदरलेले, सात वर्षांपूर्वी चप्पल शोधताना असतील तसे. तिसऱ्या आरवण्याला फोन सापडला. धम्मानंद होता. "मॅडम, दुसऱ्या पानावर सही राहिली तुमची, अन् हे काय लिहिलं तुम्ही, सख्खी..." मी म्हटलं, "येते, थोड्या वेळानं," आणि फोन ठेवला. मुका केला नाही.

"ठेवला का वं अजून तो कोंबडा," ती पदरातून म्हणाली. मग घाईघाईने, "मी हासून नाई राह्यली, वंदे. पाह्य. नाई हासून राह्यली."

मी हात पुढे केला आणि तिच्या तोंडातला पदर हळूच ओढून काढला. ओला झाला होता. "हास," मी म्हटलं. "हास ना वं, ताई." तिने एक श्वास घेतला, आणि मग ते आलं, खालच्या पापणीच्या पोटातून, पंखा उघडावा तसं, पाची रेघा एकदम, आणि मधली ती चंद्रकोरीला वळसा घालून गालात उतरली, आणि त्याच्यापुढे पडद्यावर कधीच न दिसलेलं सगळं, नाक, उडालेले दोन दात, हलणारी हनुवटी. एवढ्या जवळून मोजता आलं असतं. शेजारची म्हातारी विचारत होती, "काय झालं वं बाई, कोनाचा होय कोंबडा?" आणि हसता हसता आम्हा दोघींपैकी कोणालाही तिला सांगता येत नव्हतं.